दुसऱ्याच्या नावावरचा जन्म

मी चौथीपर्यंत शिकलो, मग घरच्या भातशेतीत राबलो आणि मिसरूड फुटल्यावर अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात लागलो. पण कोणी विचारलं, काय करतोस, तर मी ‘इतिहासाचा अभ्यास करतो’ असं सांगत असे, आणि तेही अशा थाटात की विचारणारा पुन्हा त्या भानगडीत पडत नसे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, पालेगावच्या अलीकडे आमचं गाव. गावानं माझं नाव ‘सरकार’ ठेवलं होतं. मी पाणंदीतून चाललो की बांधावरून कोणीतरी ओरडे, “सरकार, आज कंचा कायदा काढला?” मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. खरं सांगायचं तर बरंच जास्त वाटायचं.

हा नाद मला लागला तो कँपातून. कँप म्हणजे उल्हासनगर. नाव बदललं तरी आमच्या तोंडी कँपच राहिलं. लढाईच्या काळात तिथं सोल्जर होते, ते गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. एका बराकीच्या तोंडाशी एक वयस्क सिंधी गृहस्थ रद्दी घेऊन बसत. तिकडे सिंधमध्ये ते शाळेत इतिहास शिकवायचे. आता जुनी पुस्तकं, वह्या, सरकारी चोपडी वजनावर विकायचे, पण मी एखादं पुस्तक उचललं की आधी ते मलाच तपासायचे. “साईं, इसमें क्या लिखा है, बताओ.” बरोबर सांगितलं तर पुस्तक मिळे; नाही तर ते हातातून काढून घेत आणि स्वतः एकेक मराठी अक्षर लावत बसत. रविवारी मी त्यांच्यासमोर उकिडवा बसून मराठीत वाचायचा आणि हिंदीत सांगायचा, ते डोळे मिटून ऐकायचे. माझी पाचवी, सहावी आणि सातवी त्या बराकीच्या पायरीवर झाली.

एकदा शिकायची खाज सुटली की माणूस काय काय करतो! अंबरनाथच्या देवळात एक शिलालेख आहे. मला तो वाचता येत नव्हता, म्हणून मी कागद आणि कोळसा घेऊन त्याचा ठसा काढायला गेलो. पुजाऱ्यानं मला असं हाकललं की महिनाभर मी देवाला लांबूनच नमस्कार करत होतो. पुढं नव्या राज्यकारभाराची माहिती देणारं एक सरकारी चोपडं हाती लागलं. ते मी पाठ केलं. तलाठ्याच्या वर कोण, मामलेदाराच्या वर कोण, प्रांत म्हणजे काय, आमदार कोण निवडतो, हे सगळं मी गावात मारुतीच्या पारावर बसून सांगत असे. पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या आधी तर मी खोक्याला भोक पाडून गावकऱ्यांकडून चिठ्ठ्या टाकून घेतल्या होत्या. म्हातारे हसले, पण रांगेत उभे राहिले.

गावातल्या पोलीस पाटलाच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या मानमोडी तापाच्या साथीत आमच्या गावातली किती माणसं गेली हे मला शोधायचं होतं, म्हणून मी त्या वाचायला मागितल्या. पाटील म्हातारा होता, आणि पेटीतल्या कागदांना कोणीतरी स्वतःहून ऊन दाखवतोय म्हणताना त्याला सोयीचंच वाटलं. त्या वह्यांनी मला वेड लावलं. राजेरजवाड्यांचा इतिहास पुस्तकात असतो. पण कुणाची म्हैस राखणारा कधी जन्मला आणि कुणाची सून कोणत्या तापानं गेली, हे फक्त इथं होतं. मृत्यूच्या नोंदीला माणसाचं नाव असे. जन्माच्या नोंदीला नसे, कारण बारशाच्या आधीच चौकीदार खबर देऊन मोकळा होई. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव, जात, तारीख, एवढंच.

मग आसपासच्या गावांत शाळा सुरू झाल्या आणि माझा भाव वधारला. पोराला शाळेत घालायचं तर जन्मतारीख हवी. आया सांगायच्या, “भात मळनीला आला व्हता तवाचा,” नाहीतर “म्हस याली त्याच्या दुसऱ्या दिशी.” मी वही काढून तारीख दाखवायचा. कधी आई म्हणे, “नाय बा, येवढा मोठा नाय तो.” तेव्हा मी पेन्सिलीनं ओळ ठोकत म्हणायचा, “माणूस विसरतो. कागद विसरत नाही.” हे वाक्य मी स्वतः बनवलं होतं आणि ते वापरायची संधी कधी सोडत नसे.

आता त्या बाईबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकीकत तिची आहे.

माझ्या आधीची आईची दोन मुलं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. सटवाई पाचव्या दिवशी नशीब लिहायला येते आणि आमच्या घरी आली की लिहायच्या ऐवजी पोर घेऊनच जाते, असं आईच्या मनानं घेतलं. म्हणून मी जन्मलो त्याच दिवशी आईनं मला विकलं. गावाच्या कडेला, डोंगराच्या अंगाला एक ठाकर जोडपं राहायचं. नवरा गुरं राखायचा, बायको लाकूडफाटा आणायची. त्या ठाकरणीनं सुपभर नाचणी आईच्या उंबऱ्यात ओतली आणि मला उचलून आपल्या खोपटात नेलं. पाच दिवस मी तिथं होतो, आई अंगावर पाजायला तेवढी जायची. विकत घेणारी सहसा भरल्या घरातली बघतात. पण ठाकरणीला मूल नव्हतं, आणि आईचा हिशोब वेगळा होता: जिथं पाळणाच कधी हलला नाही तिथं सटवी कशाला डोकावेल?

मी जगलो. सहाव्या दिवशी घरी आलो, पण सौदा सौदाच राहिला. दर दिवाळीला माझा सदरा ठाकरीण द्यायची. आई मला मारायला धावली की ती मधे पडून म्हणायची, “माझ्या पोराला हात लावू नको, नाचनी मोजलीय मी.” गाव हसायचं. मीही तिला ‘घेतलेली आई’ म्हणायचा, लहानपणी प्रेमानं आणि मोठा झाल्यावर थोडं लाजून. इतिहासाच्या अभ्यासकाला सटवाईचं काय! कारखान्यात कोणी हा विषय काढला तर मी अज्ञान आणि अंधश्रद्धा यावर लांबलचक बोलायचा आणि दिवाळीला मुकाट्यानं तो सदरा घालायचा.

पंचविशीच्या आसपास मी बाहेरून बसून सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा पास झालो. आमच्या भागात मास्तर मिळत नव्हते. सोनिवलीच्या शाळेवर मला घ्यायचं स्कूल बोर्डानं कबूल केलं. ते पत्र मी रद्दीवाल्या मास्तरांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मग माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. मला मास्तर व्हायचं होतं, बाकी काहीच व्हायचं नव्हतं. कारखान्यात गंधकाच्या वासात उभा असतानासुद्धा मी मनात मुलांना शिकवत असे.

फक्त जन्माचा दाखला हवा होता. माझी जुनी शाळा केव्हाच बंद पडली होती आणि तिचं दप्तर वाळवीनं खाल्लं होतं. मला हसू आलं. साऱ्या पंचक्रोशीचे जन्म शोधून देणारा मी, माझा स्वतःचा शोधायला कितीसा वेळ लागणार?

तीन दिवस लागले, आणि तो सापडलाच नाही. वडिलांच्या नावावर दोन मुलगे होते, दोघांचे मृत्यूही चार पानं पुढं होते. त्यानंतर माझी धाकटी बहीण होती. मधे मी नव्हतो. पुढचीमागची सगळी वर्षं मी बोटानं ओळ न् ओळ वाचली. गंमत म्हणजे पहिल्या दिवशीच एका ओळीवर माझी नजर थांबली होती: ‘मुलगा’, जात ‘ठाकूर’ (ठाकरांना कागदोपत्री असंच लिहीत), आणि बापाच्या रकान्यात त्या गुराख्याचं नाव. मी मनात म्हटलं, यांना मूल कुठं होतं? पाटलानं चुकीचं लिहिलं असणार, आणि पान उलटलं. असा मी अभ्यासक! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला तेव्हा मी पेटीवर बसून राहिलो. तारीख आईच्या सांगण्याशी तंतोतंत जुळत होती.

घरी येऊन मी आईवर ओरडलो. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“मंग काय करायचा व्हता?” ती म्हणाली. “चौकीदार दारान उबा. पोर कोनाचा, इचारतंय. आमचा म्हनून लिवला आसता आनी सटवीनं वाचला आसता तं?”

म्हणजे सटवाईला लिहिता येतं, तर वाचताही येत असणार. आईनं देवीला फसवायचं ठरवलं आणि सरकारलाही त्यात ओढलं. चौकीदारानं सांगितलं, पाटलानं लिहिलं, आणि सरकारच्या दृष्टीनं मी आजवर ठाकराचा मुलगा होतो. आज मला आईच्या त्या खबरदारीचं कौतुक वाटतं. त्या दिवशी मात्र मी नको ते बोललो. अडाणी म्हटलं. माझं आयुष्य बुडवलंस म्हटलं. ती भाकरी थापत राहिली.

मी कँपात गेलो. रद्दीवाले मास्तर सगळं ऐकून इतके हसले की त्यांना खोकला लागला.

“एफिडेविट करो, साईं. हम लोगों की तो सारी जिंदगी एफिडेविट पर है. घर था, एफिडेविट. जमीन थी, एफिडेविट. मैं मास्टर था, उसका भी एफिडेविट.” मग हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “लेकिन जिसके नाम पर हो, उससे पहले पूछना. बताना नहीं, पूछना.”

मी ‘हो’ म्हटलं. विचारलं मात्र नाही.

कल्याणच्या कचेरीतल्या कारकुनानं काम सोपं करून सांगितलं. आईनं शपथेवर सांगायचं की मुलगा माझा. आणि ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांनी लिहून द्यायचं की आम्हाला मूलबाळ झालेलं नाही, नोंदीतल्या मुलाशी आमचा संबंध नाही. गुराखी दोन वर्षांपूर्वीच वारला होता. राहिली ठाकरीण.

आधी आईच अडून बसली. तोंडानं एकदा ‘माझा’ म्हटलं की आजही काही होईल, ही भीती तिच्या मनातून जाईना. मी कायदा सांगितला, विज्ञान सांगितलं, शेवटी रुसून जेवलो नाही. हे ठाकरणीच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली.

“चल तू,” ती आईला म्हणाली. “तुझी सटवी म्हातारी जाली आता. तिला कुठं दिसतंय? आनी येवढा बाप्या उचलून नेल ती?”

आई हसली आणि तयार झाली. मी त्या दोघींकडे बघत होतो आणि मनात कोणत्या गाडीनं कल्याणला जायचं ते जुळवत होतो. ठाकरणीला काय लिहून द्यायचं आहे ते मी तिला नीट सांगितलंसुद्धा नव्हतं. ‘अंगठा द्यायचा आहे’ एवढंच सांगितलं.

कचेरीत आईचं पटकन झालं. “हा माझा,” ती इतक्या हळू म्हणाली की कारकुनाला दोनदा विचारावं लागलं. मग त्यानं ठाकरणीचा कागद वाचून दाखवला. मला आजपर्यंत मूलबाळ झालेले नाही. सदर नोंदीतील मुलगा माझा अगर माझ्या मयत नवऱ्याचा नाही. त्याच्याशी माझे काही नाते नाही. कागदाची भाषा तीच असते, त्यात कोणाचा दोष नव्हता.

“समजलं का बाई?” कारकुनानं विचारलं.

ती कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, “म्हंजे इतकी वरसं सरकारच्या घरी मना पोर व्हता?”

मी म्हटलं, “चुकून होता.”

“मना कोनी सांगितलाच नाय,” ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.

हे मी आज लिहितो आहे तेव्हा माझे कान गरम होतात. चुकून होता! मला त्या क्षणी फक्त सोनिवलीची शाळा दिसत होती. कारकुनानं तिचा अंगठा शाईवर दाबला, कागदावर दाबला, आणि चिंधी दिली. तिनं अंगठा पुसला नाही. शाई तशीच ठेवून ती आमच्याबरोबर परत आली.

वाटेत आम्ही कँपात उतरलो. आईला मीठमसाला घ्यायचा होता. कापडाच्या दुकानासमोर ठाकरीण थांबली. तयार सदरे दोरीवर टांगलेले होते. त्यातला एक तिनं हातानं चाचपला आणि मला विचारलं, “आता दिवालीला तुना सदरा देऊ का नको? सरकारचा काय म्हन्ना हाय?”

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कायदा मलाच कळत होता ना! मी म्हटलं, “त्याचा आणि सरकारचा काही संबंध नाही.” उत्तर अगदी बरोबर होतं. दे की, दर वर्षी देतेस तसा, एवढं म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. त्या दिवाळीला सदरा आला नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. मीही विषय काढला नाही.

नोंद दुरुस्त झाली. पाटलानं जुन्या ओळीवर लाल शाईची रेघ ओढली आणि बाजूला हुकुमाचा आकडा घातला. मी सोनिवलीला मास्तर झालो. मुलांना इतिहास शिकवला, राज्यकारभार शिकवला, चिठ्ठ्या टाकून वर्गात मंत्री निवडून आणले. चांगला शिकवायचो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सुट्टीत गावी आलो की ठाकरणीच्या खोपटावर जायचो. ती मला बसायला गोणपाट टाकायची. आधी कधी टाकत नसे, मी थेट चुलीपाशी जायचा. ‘मास्तर’ म्हणायला लागली होती. एकदा मी चिडून म्हटलं, “मला मास्तर काय म्हणतेस?” ती म्हणाली, “मंग काय म्हनू?” आणि खरोखरच उत्तराची वाट बघत राहिली.

पुढं तीन-चार वर्षांनी, श्रावण सरता सरता, ती तापानं गेली. मला निरोप आला तेव्हा मी शाळेतच होतो. पोचलो तोवर डोंगरावरच्या ठाकरवाडीतला तिचा पुतण्या आला होता. मुलानं द्यायचं शेवटचं पाणी त्यानंच तिच्या तोंडात घातलं. मी खांदा दिला. आई रडत होती, मला रडू येत नव्हतं.

परत येताना नवा पोलीस पाटील, जुन्याचा मुलगा, म्हणाला, “मास्तर, खबर लिवून घ्यायचीय. माझा हात काय बरा नाय, तुमीच लिवा.” त्यानं मला घरी नेऊन तीच पेटी उघडली आणि वही माझ्यापुढं ठेवली. मी रकाने भरू लागलो. नाव. जात. वय, तिचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं आणि इतक्या लोकांची वयं शोधून दिली तरी तिचं मी कधी विचारलं नव्हतं. अंदाजे साठ, असं लिहिलं. कारण, ताप. खबर देणाऱ्याचं नाव, तिथं माझं नाव लिहिलं. शेवटचा रकाना होता, खबर देणाऱ्याचं मयताशी नातं.

मी थांबलो. पाटील माझ्यापेक्षा लहान, पण गावचा सगळा इतिहास त्याला घरातून कळलेला. तो हलक्या आवाजात म्हणाला, “लिवा की, मुलगा. कोन बघतंय?”

मला लिहायचं होतं. पण कल्याणच्या कचेरीत तिच्या अंगठ्याचा कागद होता. मी इथं ‘मुलगा’ लिहिलं तर तिनं शपथेवर खोटं सांगितलं असं झालं असतं. हे कोणीही कधी तपासणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी सगळं आयुष्य ज्याच्या आधारावर उभं केलं त्याच्या बाहेर मला पाऊल टाकता येईना. मी ‘शेजारी’ लिहिलं.

अक्षर सुरेख आलं. पाटलानं वही वाळायला उघडीच ठेवली आणि मी अंगणात येऊन उभा राहिलो. तिला पोर नव्हतं, नातं नव्हतं, असं तिनं माझ्यासाठी खोटं लिहून दिलं होतं. ते मी माझ्या हातानं खरं करून ठेवलं.